शेजूळ अण्णांची मापं

शेजूळ अण्णांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पगार तर नाहीच नाही. वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाले, "जरा उडून दाखवता का?"

अंबडच्या कोर्टात कारकून म्हणून माझी बदली झाली होती. टेंपोतून सामान उतरवून भाड्याच्या घरात नेत होतो आणि हातात स्टोव्ह होता. मला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. म्हटलं, "कुठं उडू?"

"हितंच. जागच्या जागी. स्टो खाली ठिवा."

माणूस शेजारचा, वयानं मोठा. नव्या गावात पहिल्याच दिवशी वाईटपणा कशाला घ्या, म्हणून मी स्टोव्ह खाली ठेवला आणि उडालो. अण्णांनी मान तिरकी करून माझ्या चपलांखालून पलीकडचं बघितलं. मग म्हणाले, "वर्तमानपत्र सरकंल. घडी केलेलं न्हाई, उघडलेलं." एवढं बोलून ते आपल्या घरात गेले. माझी बायको दारातून हे सगळं बघत होती. संध्याकाळपर्यंत तिनं मला तीनदा विचारलं, की आपण हे घर घ्यायच्या आधी शेजाऱ्यांची चौकशी केली होती की नाही.

चौकशी नंतर आपोआपच झाली. भानुदास शेजूळ हे मूळचे केदारखेड्याचे. घरी शेती, पण ती भावांकडे. हे शिकले आणि मोजणीच्या कचेरीत भूमापक म्हणून लागले. दोन भाऊ बांधावर समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असताना मधून शांतपणे साखळी ओढत जाणारा माणूस म्हणून त्यांची तालुक्यात ख्याती होती. भांडणं कोर्टात आली की नकाशावर त्यांची सही असायची, त्यामुळं कोर्टात रुजू झाल्या झाल्याच त्यांचं नाव माझ्या कानावर आलं. फक्त हा माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजून संध्याकाळी दुसऱ्यांच्या उड्या मोजतो, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

जगात लोक 'किती?' असं विचारतात. अण्णा 'कशावर मोजलं?' असं विचारायचे. माझी बायको एकदा सहज म्हणाली, "आज काय मेलं ऊन आहे हो अण्णा!" तर अण्णा थांबले आणि गंभीरपणे म्हणाले, "कशावर मोजलं?" ती बिचारी पदरानं घाम पुसत होती. तिनं पदर पुढं केला. गल्लीतले एक आजोबा वारले तेव्हाही तेच. आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. कुणीतरी नेहमीप्रमाणे सुस्कारा सोडून म्हणालं, "सोनं झालं, नव्वदीचे होते." अण्णा कोपऱ्यातून म्हणाले, "कशावर मोजलं?" सगळं घर त्यांच्याकडं वळलं. मग आजोबांचा थोरला मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, की नक्की कुणालाच माहीत नाही, बाबा स्वतःच अंदाजे सांगायचे. अण्णांनी समजूतदारपणे मान हलवली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दुःखात सांत्वन करण्याची ही पद्धत मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही.

उड्यांचं वेड लागलं ते मुलीमुळं. सविता त्यांची एकुलती एक. ती चौथीत असताना आई गेली. पोर आणि बाप असे दोघंच घरात. सविता हायस्कुलात गेल्यावर व्हॉलीबॉल खेळायला लागली आणि एक दिवस तिचे खेळाचे मास्तर अण्णांना म्हणाले, "अण्णा, तुमची पोरगी हातभर उडती." दुसरा बाप असता तर त्यानं मास्तरांना चहा पाजला असता. अण्णांनी विचारलं, "कशावर मोजलं?" मास्तरांनी आपला हात दाखवला. अण्णा म्हणाले, "ह्यो तुमचा हात. माझा याच्याहून लांब हाय. मंग पोरगी कमी उडली का?"

त्याच संध्याकाळी त्यांनी घराच्या बाहेरच्या भिंतीवर पहिलं माप घेतलं. गेरू कालवलेल्या वाटीत बोटं बुडवायची, भिंतीला खेटून उभं राहून हात वर करून एक ठसा उमटवायचा, मग उडी मारून दुसरा. दोन ठशांमधलं अंतर म्हणजे उडी. साधी, बिनखर्ची युक्ती. सविताच्या संघातल्या पोरीही येऊ लागल्या आणि महिन्याभरात ती भिंत लालेलाल झाली. एका बाजारच्या दिवशी खेड्यावरून आलेली एक म्हातारी त्या भिंतीपुढं थांबली. चप्पल काढली, हात जोडले आणि पिशवीतली कुंकवाची पुडी सोडून प्रत्येक ठशाला बोट लावत गेली. अण्णा ऑफिसातून आले तर ही माऊली अर्ध्यावर पोचलेली. "बाई, काय करून राह्यल्या?" अण्णा ओरडले. म्हातारी म्हणाली, "कोणत्या देवीचे हात हायेत बाबा? लई उंचावर गेलेत." अण्णांना म्हातारीच्या श्रद्धेचं काही नव्हतं. कुंकू आणि गेरू यांचा रंग जवळजवळ एक, आता आठवड्याची मापं वाया गेली, याचं दुःख होतं. पण नंतर ते मला हळूच म्हणाले, "देशपांडेसाब, एक मात्र हाय. म्हातारीला बी उंची कळली."

भिंतीत खोट निघाली ती पोरींमुळंच. उभं राहून पहिला ठसा देताना खांदा जरा चोरला, की तो ठसा खाली उमटतो आणि उडी आपोआप वाढते. पोरींच्या हे लगेच ध्यानात आलं. अण्णांच्या ध्यानात यायला थोडे दिवस लागले. मग त्यांनी दुसरं यंत्र काढलं. जमिनीत एक खिळा, खिळ्याजवळ कपड्यांचा चिमटा, चिमट्यातून ओढली जाणारी कापडी टेप आणि टेपचं टोक उडणाऱ्याच्या कमरेला. माणूस उडाला की कमरेबरोबर टेप वर ओढली जायची आणि चिमट्यात अडकून तिथंच थांबायची. या यंत्राची पहिली चाचणी माझ्यावर झाली. टेप माझ्या लेंग्याच्या नाडीला बांधली होती. मी वर गेलो. टेप जागीच राहिली, कारण चिमटा फार घट्ट होता. लेंगाही टेपबरोबर राहिला. बायकोनं त्या दिवसापासून मला मापाला जाताना पट्टा बांधायची सक्ती केली.

तिसरं यंत्र सगळ्यात नामी होतं. तेलाच्या डब्यांचे दोन पत्रे ठोकून सपाट केले, मध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला मदतीला घेऊन त्याच्या वायरी एका घड्याळाला जोडल्या. पत्र्यावर उभं राहिलं की पत्रे एकमेकांना टेकायचे. उडलं की सुटायचे आणि घड्याळ चालू व्हायचं. परत खाली पडलं की बंद. म्हणजे माणूस हवेत किती वेळ होता ते कळायचं आणि त्या वेळावरून अण्णा गणित करून उंची काढायचे. मी विचारलं, "अण्णा, उंची वेळात कशी मोजता?" ते म्हणाले, "तुमी अंबडहून जालना किती लांब म्हन्ता? तासभर म्हन्ता का न्हाई? तसंच."

या यंत्राचीही चाचणी माझ्यावरच झाली आणि आकडा बघून अण्णांनी डोळे चोळले. माझी उडी सविताच्या बरोबरीची निघाली होती. घरात क्षणभर माझ्याविषयी जो आदर निर्माण झाला, तो मला अजून आठवतो. अण्णांनी मला परत उडवलं. परत तेच. मग त्यांनी जमिनीवर आडवं पडून माझ्या पायांकडं बघितलं आणि त्यांना उलगडा झाला. पत्र्यावर धाडकन पडलो तर आवाज होईल, या भीतीनं मी हवेत गुडघे पोटाशी घेत होतो. त्यामुळं उंच न जाताही जास्त वेळ वर राहत होतो. "माणूस उडला न्हाई, नुसता टेकायचा लांबला," अण्णा म्हणाले आणि तेव्हापासून पत्र्यापुढं नियम झाला, की जसं सुटलात तसंच सरळ पायानं टेका. माझा आदर त्याच दुपारी संपला.

एवढ्यावर थांबतील तर ते शेजूळ अण्णा कसले? उडी मोजून झाली, आता उडीच्या मागं काय आहे ते बघायला हवं, असं त्यांना वाटू लागलं. अंगणात एक लोखंडी पहार होती. तिच्या दोन्ही टोकांना त्यांनी ट्रॅक्टरच्या जुन्या गिअरची चाकं बसवली. पहारीला दोरी, दोरी एका छोट्या कप्पीवरून आणि कप्पी भंगारातून आणलेल्या स्कूटरच्या स्पीडच्या काट्याला. पहार झटक्यानं उचलली की काटा उसळायचा. संथ उचलली की नुसता थरथरायचा. कप्पी लहान असल्यामुळं आकडे भलतेच यायचे, पण सगळ्यांना एकच कप्पी, म्हणून तुलना बराबर. पोरी एकमेकींना सांगायच्या, "मी काल तीसनं उचलली." सविता म्हणायची, "मी चाळीसला आले." गल्लीतून जाणाऱ्या हवालदारानं हे ऐकलं आणि लायसन आहे का म्हणून चौकशी केली.

सायकलच्या डायनामोवर चालणारा एक दिवाही त्याच दोरीला होता, काट्यावर लक्ष ठेवायला. काटा खोटं बोलला तर दिवा सांगेल, दिवा मिणमिणला तर काट्याला विचारायचं. एका यंत्रावर अण्णांनी कधीच विसंबून राहणं पसंत केलं नाही. "एकच साक्षीदार असला तर तुमचं कोर्ट तरी मान्तं का?" असं ते मला विचारायचे. मी म्हणायचो, "पाच असले तरी मानत नाही." त्यावर त्यांनी आणखी एक यंत्र करायचं ठरवलं.

या सगळ्या उद्योगात मला एक गोष्ट फार आवडायची. अण्णा कुणालाच कसं उडावं ते सांगायचे नाहीत. शाबासकी नाही, रागावणं नाही. पोर काय करते इकडं त्यांचं लक्षच नसायचं. पहार उचलली जाताना ते काट्याकडं बघायचे, उडी मारली जाताना टेपकडं. "उडायचं कसं ते उडणाऱ्यानं बघावं. आपुन निस्तं किती ते सांगू." आणि एवढ्या वर्षांच्या मापांतून त्यांनी एकच निष्कर्ष काढला होता. जो पहार जल्दी उचलतो, तो उंच उडतो. एकाचं वाढलं की दुसऱ्याचं वाढतं. "पहार आन् उडी सख्ख्या भैनी हायेत देशपांडेसाब. एक जेवली आन् दुसरी उपाशी, असं होत न्हाई."

सविता दहावीत होती तेव्हा बातमी आली. पुण्याकडं एक वसतिगृह होतं, खेळणाऱ्या मुलींसाठी. राहणं, शाळा, खेळ सगळं तिथंच. त्यासाठी मुली निवडायला तिकडचे प्रशिक्षक जालन्याला येणार होते आणि निवड उडीवर होणार होती. मास्तर पेढा घेऊन आले. सविताची निवड नक्की, असं सगळं अंबड म्हणत होतं. अण्णांना निवडीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा आनंद झाला होता. "ते लोक उडी मापायची चटई आणून राह्यले म्हन्तेत. परदेशी. वर उभं राह्यचं, उडायचं, आकडा आपला आपण दिसतो." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "गुडघे दुमडले तर काय करत असंल हो ती?"

आणि त्याच दिवसांत अण्णांच्या अंगणातलं शास्त्र बिघडलं.

सविताचा काटा वर जात होता. चाळीसवरून पंचेचाळीसला गेला. डायनामोचा दिवा डोळ्याला लागेल असा पेटायचा. आणि उडी खाली येत होती. थोडी थोडी, पण भिंतीवरही खाली, टेपवरही खाली, पत्र्यावरही खाली. एक बहीण जेवत होती आणि दुसरी उपाशी राहत होती. अण्णांचा चेहरा असा झाला, की माझ्या बायकोनं काढा करून पाठवला.

त्यांचा संशय यंत्रांवर गेला. त्यांनी टेप ऑफिसच्या साखळीशी ताडून बघितली. कापड आटलं असेल म्हणून ती भिजवली, वाळवली, पुन्हा ताडली. पत्रे उलगडले, ट्यूबचे तुकडे बदलले. घड्याळ दुसरं आणलं. गेरू जालन्याहून मागवला, हा पसरतो म्हणून. काट्याचं तर त्यांनी हाड न् हाड सुटं केलं आणि अंगणात धोतरावर मांडून ठेवलं. पुन्हा जोडलं आणि सविताला बोलावलं. काटा वर, उडी खाली.

"आता तुमी या," ते मला म्हणाले.

"मी कशाला?"

"तुमची उडी कधी बदलत न्हाई. इतकी वरसं बघून राह्यलो. थंडी असो, ऊन असो, वर्तमानपत्राच्या वर बिलकुल जात न्हाई. तुमी आमचा छापाचा किलो."

दुकानातलं वजन सरकारी शिक्क्याच्या वजनाशी ताडून बघतात, तसा मी त्या अंगणात उभा राहिलो. पट्टा बांधून भिंतीशी उडालो, टेपवर उडालो, सरळ पायानं पत्र्यावर उडालो. पहारही उचलली, तेव्हा दिवा पेटला नाही, फक्त तार लाल झाली. सगळीकडं माझे ठरलेले आकडे आले. अण्णा खाली बसले. म्हणाले, "यंत्रं ठीक हायेत." हे म्हणताना त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरी आल्या. मी कठड्यावर बसलो होतो. सविताची पाळी आली. तिनं टेप कमरेला बांधली, गुडघ्यात वाकली आणि उडाली. आणि मी बघितलं, की अण्णा टेपकडं बघत नव्हते. ते सविताकडं बघत होते. तिच्या खांद्यांकडं, हातांकडं, तोंडाकडं. इतक्या वर्षांत मी हे कधी पाहिलं नव्हतं. तिनं विचारलं, "किती आली अण्णा?" अण्णा म्हणाले, "आँ? थांब, बघतो."

पोरी गेल्यावर सविता भाकरी करायला आत गेली. अण्णा माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "देशपांडेसाब, खोट यंत्रात न्हाई. पोरगी उडी राखून ठेवून राह्यली."

"म्हणजे?"

"पहारीला तिला वाटलं काय फरक पडतो, ती ताकदीनं उचलती. निवड उडीवर हाय ना. हाताला झोकाच देत न्हाई. जमिनीला धरून ठेवती सोताला."

"पण का?"

त्यांनी स्वयंपाकघराकडं मान वळवली. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. "माझ्यापायी," ते म्हणाले.

अण्णांना स्वयंपाक येत नव्हता, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. एकदा सविता सहलीला गेली तेव्हा त्यांनी तराजूनं तोलून पीठ आणि मापट्यानं पाणी घेऊन भाकरी केली होती. ती भाकरी मग कित्येक दिवस आमचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली लावलेली होती. पण प्रश्न भाकरीचा नव्हता आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं. त्या घरात बोलायला दुसरं होतंच कोण?

"तिला सरळ सांगा," मी म्हटलं. "म्हणावं, माझी काळजी करू नको."

"ऐकंल का? माझीच पोरगी हाय. म्हनंल, कशावर मोजलं."

पुढचे दोन दिवस त्यांनी काही मोजलं नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आले ते थेट आमच्या ओट्यावर. सविता माझ्या बायकोजवळ शेंगा सोलत बसली होती. अण्णा उभ्या उभ्याच म्हणाले, "सवे, माझी बदली झाली. परतूरला."

सविताचा हात थांबला. "कवा?"

"आजच हुकूम आला. मी म्हटलं बरंच झालं. वाटूरहून परतूर म्हंजे हे इथं. आक्काकडंच ऱ्हाईन. ती बी एकटीच असती. तिचं बी बरं, माझं बी बरं."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, वाटूरला दिलेली. नवरा गेलेला, मुलं नोकऱ्यांच्या गावी. सगळं पटण्यासारखं होतं. फक्त सांगणाऱ्याचे कान लाल झाले होते आणि नजर शेंगांच्या टरफलांवर होती. मी जन्म कोर्टात काढलेला माणूस. खोटे साक्षीदार मी शेकड्यानं पाहिले, पण इतका कच्चा एकही नाही. उलटतपासणीत पहिल्याच प्रश्नाला कोसळला असता. सवितानं मात्र काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "आत्या तुमाला भाजीत तिखट कमी घालंल का?" अण्णा म्हणाले, "घालंल की! सांगतो मी तिला."

जालन्याला मीही गेलो होतो. चटई आली होती, काळी, रबरी, बाजूला आकडे दाखवणारी डबी. अण्णांनी प्रशिक्षकांना इतकं विचारलं, की शेवटी त्यांनी यांना बसायला खुर्ची दिली. गुडघे दुमडले तर ती चटईही फसते, हे कळल्यावर अण्णांना तिच्याबद्दल आपलेपणा वाटायला लागला. "शेवटी आपल्या पत्र्याची भैनच हो," ते माझ्या कानात म्हणाले. मग सविताचं नाव पुकारलं गेलं. ती चटईवर उभी राहिली, एकदा बापाकडं बघितलं, हात मागं नेले आणि उडाली. असं उडताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. प्रशिक्षकांनी डबीतला आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि शेजारच्या माणसाला दाखवला. अण्णांनी आकडा विचारला नाही. ते रुमालानं तोंड पुसत होते आणि मला म्हणत होते, "काय धूळ हाय हो जालन्यात."

सविता पुण्याला गेली. अण्णांची बदली अर्थातच कुठं झाली नव्हती. ते अंबडलाच, त्याच घरात होते. दुपारी खानावळीत जेवायचे, रात्री भेळ नाहीतर केळी. माझी बायको ताट पाठवायची तर "कशाला, कशाला" म्हणत परत करायचे. खरा माणूस एकदा खोटं बोलला की त्याला सगळीकडंच लाज वाटायला लागते. पोरी मापाला येईनाशा झाल्या होत्या. अण्णांनीच त्यांना शाळेच्या मैदानावर जा म्हणून सांगितलं होतं.

पण एक अडचण होती. दर रविवारी सकाळी सविता फोन करायची आणि फोन यायचा वाटूरच्या फाट्यावर, आक्कांच्या घराशेजारच्या एसटीडी बूथवर. म्हणून अण्णा दर रविवारी उजाडता अंबडहून एसटीनं जालन्याला जायचे, जालन्याहून दुसरी गाडी पकडून वाटूरला उतरायचे आणि बूथच्या बाकावर जाऊन बसायचे. कशासाठी, तर आपण वाटूरलाच राहतो हे दाखवायला. मला हे कळलं तेव्हा मी इतका हसलो, की बायको रागावली. आणि पुढच्या रविवारी न राहवून मी त्यांच्याबरोबर गेलो.

फोन आला. अण्णांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "हां सवे. आत्ताच उठलो, आंघोळ केली... आक्का भाकरी करून राह्यली... न्हाई न्हाई, तब्येत एकदम बराबर. उलट वजन वाढलं." त्यांचा सदरा खांद्यावरून ओघळत होता. मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. तिकडून ती काय सांगत होती कोण जाणे, पण यांचं तोंड उजळत चाललं होतं. फोन ठेवला आणि आम्ही आक्कांकडं गेलो. आक्कांनी गरम भाकरी, वांग्याची भाजी, वर ठेचा वाढला. अण्णा खाली मान घालून जेवले, तिसरी भाकरी मागून घेतली. जेवण झाल्यावर आक्का त्यांना गावच्या, भावांच्या, लहानपणीच्या गोष्टी सांगत बसल्या आणि अण्णा हसत होते. परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसून पुन्हा पुन्हा तेच सांगत होते, की सविता आता संघात पुढं खेळते.

दिवाळीला सविता आली. सणाचे दिवस अण्णांनी रजा काढून वाटूरलाच काढले. भाऊबीज झाल्यावर एका दुपारी ती एकटीच अंबडला आली, काकूंना भेटायला म्हणून. उंच झाली होती. चकली खाताखाता ती सहज म्हणाली, "अण्णांचा खानावळवाला बदलला का हो काकू? आधीच्याच्या भाजीत लई तिखट असायचं."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"तुला माहीत आहे?" बायको म्हणाली.

"पहिल्याच आठवड्यात कळलं. आत्याच्या पोटात काय राह्यतंय?"

"मग अगं, सांगून टाक ना त्यांना," मी म्हटलं. "दर रविवारी दोन गाड्या बदलून जातो तो माणूस. सरळ इथं फोन करत जा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बूथ आहे."

सवितानं हातातली चकली ताटलीत ठेवली. मग म्हणाली, "काका, इथं फोन केला तर ते इथंच राह्यतील. आत्याकडं कशाला जातील मंग? आता रविवारी तरी कुणाच्या हातचं गरम खातेत. कुणाशी दोन शब्द बोलतेत, हसतेत. आत्या सांगती मला. म्हनून मी तिकडंच करते फोन." तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुमी सांगू नका बरं का त्यांना."

बायको चहा टाकायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. सविता संध्याकाळच्याच गाडीनं वाटूरला परत गेली आणि दोन दिवसांनी पुण्याला.

पुढच्या रविवारी मी दार उघडलं तेव्हा अण्णा कुलूप लावत होते. धुतलेला सदरा, तेल लावून बसवलेले केस, हातात आक्कांसाठी पेरूंची पिशवी. मला बघून ते जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "देशपांडेसाब, परवा पोरगी तुमच्याकडं आल्ती. तिला काई कळलं तर न्हाई ना?"

"छे हो," मी म्हटलं. "काहीसुद्धा नाही."

"मंग बरं झालं," अण्णा म्हणाले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि स्टँडकडं चालू लागले. गाडीला अजून अवकाश होता, पण ते भराभर चालत होते.